ज्यूसी लूसी घरी करायची आहे: बर्गरच्या पोटातलं चीज पोटातच कसं ठेवायचं?

सीडरकाठ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसकरांना ज्यूसी लूसी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नेहमीच्या चीजबर्गरमध्ये पॅटीवर चीजची चकती ठेवतात. इथे खिम्याच्या दोन पातळ पॅटींच्या मध्ये चीज ठेवून कडा बंद करतात आणि मग ती जोडपॅटी तव्यावर भाजतात. चावा घेतला की आतलं वितळलेलं चीज बाहेर येतं. शहराच्या दक्षिण भागात सीडर अ‍ॅव्हेन्यू नावाच्या एकाच रस्त्यावर दोन जुनी ठिकाणं आहेत, मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब. हा बर्गर आधी कोणी केला यावर दोघंही हक्क सांगतात. मॅट्सवाले १९५४ साल सांगतात आणि एका गिऱ्हाइकाने हौसेने असा बर्गर करून मागितल्याची गोष्ट ऐकवतात. फाइव्ह-एटची जागा १९२८ पासूनची, दारूबंदीच्या काळात चोरून दारू मिळायची तिथे.

आता प्रश्न. ४ जुलैच्या सुट्टीत पुण्याहून दादा, वहिनी आणि भाचरं येत आहेत. भाच्यांनी निघण्याआधीच ज्यूसी लूसीचा धोशा लावलाय. दादा-वहिनी बीफ खात नाहीत आणि मूळ पदार्थ तर बीफचाच. सगळ्यांनी एकत्र बसून एकच पदार्थ खावा अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून घरी चिकनचा किंवा लँबचा खिमा वापरून करणार आहे. बीफ नसताना ती मजा येईल का? कोणता खिमा घ्यावा? कडा कशा बंद कराव्यात? ग्रिलवर करू की तव्यावर?

एका बाबतीत माझं मत ठाम आहे. आत प्रोसेस्ड अमेरिकन चीजच हवं. महागडं जुनं चेडर घालून हा पदार्थ सुधारत नाही, बिघडतो.

खादाडखाऊ

आखाडात धागा काढलात हे बरं केलंत. श्रावणात काढला असता तर आमच्या घरात बंड झालं असतं.

रुमाल टाकून ठेवतोय. फोटो हवेतच.

कोपरखैरणेकर

प्रोसेस्ड चीजबद्दल असहमत. ते चीज नव्हेच. चांगला खिमा आणायचा, मेहनत करायची आणि आत प्लास्टिकच्या वेष्टनातली चकती घालायची? चांगलं दोन वर्षं मुरलेलं चेडर घाला, चव कुठल्या कुठे जाईल.

रसायनवाली

कोपरखैरणेकर, चवीबद्दल तुमचं बरोबर, पण इथे सीडरकाठ यांचं म्हणणं खरं आहे. कारण सांगते.

चीजमध्ये केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. कॅल्शियम त्या जाळ्याला बांधून ठेवतं आणि स्निग्धांश त्यात अडकलेला असतो. मुरलेलं चेडर तापलं की प्रथिनं आकसून एकमेकांना चिकटतात आणि तूप सुटतं. आत एक रवाळ गोळा आणि भोवती तेल, असं होतं. पॅटीच्या बंद पोटात तर ते तेल बाहेर यायला फट शोधतंच. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते कॅल्शियमला धरून ठेवतात, त्यामुळे केसीन मोकळं होऊन स्निग्धांशाला आणि पाण्याला एकत्र राखतं. म्हणून ते तापल्यावर गुळगुळीत, एकजीव राहतं. ही युक्ती अमेरिकेतली नाही बरं का. १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर आणि श्टेटलर यांनी ती वापरली. अमेरिकेतल्या क्राफ्टचं पेटंट त्यानंतर १९१६ चं.

तुम्हाला मुरलेल्या चेडरची चव हवीच असेल तर घरी प्रोसेस करा. २०० ग्रॅम किसलेल्या चेडरला ५-६ ग्रॅम सोडियम सायट्रेट पुरतं. सायट्रेट थोड्याशा पाण्यात विरघळवून ते गरम करा, किसलेलं चीज थोडं थोडं घालत मंद आचेवर ढवळा. एकजीव झालं की तूप लावलेल्या डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट झालं की वड्या पाडा. चव चेडरची आणि वितळणं अमेरिकन चीजचं.

कोपरखैरणेकर

रसायनवाली, हे पटलं. सायट्रेट मागवतो. मुद्दा चवीचा होता, तो तुम्ही सोडवलात.

तवाआणिमी

भारतात असाल तर अमूलचा क्यूब घ्या, तोही प्रोसेस्डच आहे. २५ ग्रॅमचा एक क्यूब एका बर्गरला पुरतो. पण अख्खा चौकोन तसाच आत ठेवू नका, मध्ये उंचवटा येतो आणि वरचा खिमा तिथे पातळ पडतो. क्यूबच्या आडव्या तीन चकत्या करून शेजारी शेजारी पसरा. चकतीवालं चीज असेल तर चौघडी करून ठेवा.

मोझरेला नको. त्यात पाणी जास्त, वाफ जास्त. शिवाय जरा गार झालं की रबर.

शुद्धशाकाहारीपणरसिक

पनीर चालेल का आत? आमच्याकडे राजम्याच्या टिक्कीत भरायचा विचार आहे.

रसायनवाली

पनीर आत राहील, पण वितळणार नाही. गरम दूध आंबट घालून फाडलेलं असतं ते, तापवलं तरी आकार सोडत नाही. हलुमी नावाचं चीजही असंच वितळत नाही. राजम्याच्या टिक्कीत अमूल क्यूबच घाला. राजमा अगदी कोरडा करून मळा आणि बांधायला भाजलेलं बेसन किंवा पोह्यांची पूड घाला, नाहीतर टिक्की तव्यावर सुटते.

नऊवारीतली_शेफ

कडा बंद करण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन पॅटी करून जोडायच्याच कशाला? जोड म्हटलं की तिथे फट आलीच. पुरणपोळीचा उंडा भरतो तसं करा. खिम्याचा गोळा हातावर घ्या, अंगठ्याने वाटी करा, आत चीज ठेवा, कडा वर ओढून मोदकासारखं मिटवा आणि मग दोन्ही तळव्यांत हलकेच चपटं करा. जोड एकच, तोही वरच्या बाजूला मध्यभागी. तव्यावर आधी ती बाजू खाली टाका, म्हणजे जोड लगेच भाजून बंद होतो. आपल्या हातांना हे वळण आहे, त्याचा उपयोग का करू नये?

मिनेहाहा

नऊवारीतली_शेफ, कल्पना छान आहे आणि चिकनच्या खिम्याला ती लागू पडेल, तो चिकट असतो. पण बीफचा किंवा लँबचा खिमा असा हाताळत बसलात तर तो घट्ट होतो. बर्गरचा खिमा जितका कमी मळाल तितका मऊ राहतो. शिवाय हातांच्या उबेने चरबी वितळायला लागते. त्याला दोन पॅटींचीच पद्धत बरी. एका बर्गरला साधारण ९० ग्रॅमच्या दोन पॅटी घ्या. बटर पेपरवर थापा, दोन्ही पावापेक्षा बोटभर मोठ्या, कारण भाजल्यावर आकसतात. चीज मध्यभागी, भोवती दीड-दोन सेंटिमीटर जागा मोकळी. वरची पॅटी ठेवली की आधी मधून बाहेर असा हात फिरवून अडकलेली हवा काढा, मग कडा चिमटीने दाबत फिरा. नंतर अर्धा तास फ्रिजमध्ये.

हवा काढणं फार महत्त्वाचं. पॅटी फुटते ती वाफेमुळे. चीजमध्ये आणि खिम्यात पाणी असतंच, ते तापलं की वाफ होऊन वर फुगवटा येतो. उलटल्यावर पाच-दहा सेकंदांनी वरच्या बाजूला टूथपिकने एक बारीक छिद्र पाडा. वाफ तिथून निघून जाते, कडा शाबूत राहतात.

खादाडखाऊ

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. आमच्या घरी सासूबाईंनी धागा वाचला, त्या उंड्याच्या पक्षात आहेत. मी कोणत्या पक्षात आहे हे जेवण होईपर्यंत जाहीर करणार नाही.

शिवाजीपेठ

खिमा कोणता यावर बोलूया. लँब किंवा मटण घ्या, चिकन हा नाइलाज आहे. पण भारतातलं मटण म्हणजे बोकड, आणि ते अंगाने कोरडं. खाटकाला सांगायचं: खांद्याचं मांस दे, वर चरबी घाल आणि खिमा दोनदा काढ. चरबी मांसाच्या पाचवा हिस्सा तरी हवी. नुसत्या मांडीचा खिमा घेतलात तर तोंडात भुसा.

आणि त्यात आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी घातल्याशिवाय काय चव येणार? नुसतं मीठ-मिरपूड म्हणजे पेशंटचं जेवण.

मिनेहाहा

शिवाजीपेठ, चरबीबद्दल शंभर टक्के. मसाल्याबद्दल मात्र नाही. एवढं सगळं घातलंत की तो कबाब झाला. उत्तम कबाब, मी आनंदाने खाईन, पण बर्गरमध्ये भाजलेल्या मांसाची चव पुढे यायला हवी. कांदा कापून खिम्यात घातला तर पाणी सुटतं आणि कडा धरत नाहीत. मॅट्समध्ये कांदा तव्यावर परतून वरून देतात, सोबत काकडीचं लोणचं. एवढंच. त्या साधेपणातच त्याची गंमत आहे असं मला मनापासून वाटतं.

हुसेनसागर

कबाब म्हटलात म्हणून आठवलं. आमच्या हैदराबादेत शिकमपुरी कबाब करतात. शिजवून वाटलेल्या मटणाच्या टिक्कीत बांधलेलं दही, कांदा, पुदिना, मिरची भरायची आणि तव्यावर भाजायची. पोटात मऊ काही भरायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सांगायचा मुद्दा असा की शिकमपुरीत मांस आधीच शिजलेलं असतं आणि चणाडाळीने बांधलेलं असतं, म्हणून ते फुटत नाही. कच्च्या खिम्याचं गणित वेगळं. शिवाजीपेठ यांना मसाला हवाच असेल तर त्यांनी शिकमपुरीच्या वाटणात चीज भरून पाहावं, माझी खात्री आहे की ते फार सुंदर लागेल.

शिवाजीपेठ

हे करणारच. धन्यवाद हुसेनसागर. आखाड संपायच्या आत.

नियमाप्रमाणे

बीफचा धागा या संस्थळावर असावा का? भावना दुखावू शकतात. शिवाय महाराष्ट्रात बंदी आहे.

कायदाकानून

धागाकर्तीने बीफ न वापरता कसं करायचं हेच विचारलंय. कायद्यापुरतं सांगतो: महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच, २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या बंदीत नाही. धागाकर्ती अमेरिकेत आहेत, तिथे हा प्रश्नच नाही. विषयाकडे वळूया.

संपादक मंडळ

कायदाकानून यांच्याशी सहमत. कृपया पाककृतीवर चर्चा चालू ठेवावी. बीफविषयीचे पुढचे अवांतर प्रतिसाद काढले जातील.

मडगावचो

गोव्याहून नमस्कार. आमच्याकडे संध्याकाळी कटलेट-पावाचे गाडे लागतात. मांसाचे पातळ काप मसाल्यात मुरवून, रव्यात घोळवून तव्यावर भाजतात आणि पावात घालून वर कोबी-कांदा देतात. मी घरी चिकनच्या पातळ कापांत चीज घालून तसंच करतो, रव्यात घोळवतो. रव्याचं कवच झालं की चीज बाहेर येण्याचा प्रश्नच मिटतो. सीडरकाठ, तुमच्या मिनेसोटाच्या मित्रांना हे पटणार नाही, पण मुलांना आवडेल. पाव मात्र मऊ घ्या, कडक उंडो घेतलात तर चावताना सगळं चीज मागून बाहेर येईल.

सीडरकाठ

मडगावचो, मुलं दोन आठवडे आहेत, हेही करते! एवढ्या प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे आभार. आता माझा कल लँबकडे झुकलाय, पण वहिनीला लँबचा वास चालत नाही असं कळलं. म्हणजे चिकन आलंच. त्याबद्दल कोणी नीट सांगेल का? दुकानातला चिकन खिमा फार पचपचीत वाटतो.

तवाआणिमी

दुकानातला घेऊ नका. हाडं काढलेल्या मांडीचं मांस आणा, छातीचं नको. दीड-दोन इंचाचे तुकडे करून ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. कडा कडक झाल्या पण आत अजून मऊ आहे, अशा वेळी फूड प्रोसेसरमध्ये थांबत थांबत फिरवा. दाणेदार खिमा मिळतो. एकसारखं फिरवत राहिलात तर लगदा होईल.

मीठ कधी घालायचं यावर दोन नियम आहेत. लँबला किंवा बीफला मीठ फक्त बाहेरून, तव्यावर टाकायच्या आधी लगेच. आधीच मिसळलं तर प्रथिनं विरघळून खिमा सॉसेजसारखा लवचीक होतो. चिकनच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट उपयोगाची. मीठ खिम्यात मिसळून जरा हाताने एकत्र करा, तो चिकट होतो आणि कडा पक्क्या धरतात. वर थंड लोणी किसून घाला, अर्धा किलोला दोन मोठे चमचे. मांडीत चरबी असली तरी पुरेशी नसते. हाताला तेल लावून नऊवारीतली_शेफ यांच्या उंड्याच्या पद्धतीने भरा. चिकनला ती पद्धत फारच चपखल आहे.

नऊवारीतली_शेफ

:) सासूबाईंना कळवा, खादाडखाऊ.

डॉ_कंदील

सगळे कडांबद्दल बोलतायत, आतून शिजण्याबद्दल कोणीच नाही, म्हणून लिहितो. मोठा प्रतिसाद आहे, पण घरात मुलं आणि पाहुणे खाणार आहेत.

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः बाहेरच्या पृष्ठभागावर. खिमा करताना बाहेरचं सगळं आत जातं. म्हणून स्टेक आतून लालसर चालतो, खिमा चालत नाही. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली. ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ४ मुलं दगावली. त्यानंतर तिथे हॅम्बर्गर शिजवण्याचे नियम कडक झाले. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी: बीफ, लँब यांच्या खिम्याचं आतलं तापमान ७१ अंश सेल्सियस, चिकन-टर्कीच्या खिम्याचं ७४.

रंगावर विसंबू नका. खिमा पुरेसा शिजायच्या आधीच तपकिरी दिसू शकतो आणि शिजूनही गुलाबी राहू शकतो. थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. आणि चीज भरलेल्या पॅटीत एक खास अडचण आहे. वरून टोचलात तर टोक चीजमध्ये जातं आणि आकडा चीजचा मिळतो. म्हणून बाजूने आडवं घाला, असं की टोक चीजलगतच्या खिम्यात राहील. खालच्या आणि वरच्या दोन्ही थरांत बघा. छिद्रातून थोडं चीज आलं तर येऊ दे.

याचाच दुसरा परिणाम असा की हा बर्गर आतून लालसर ठेवताच येत नाही. खिमा त्या तापमानापर्यंत न्यायचा म्हणजे मांस पूर्ण शिजणारच. नुसतं चीज वितळलं म्हणून मांस शिजलं असं समजू नका. म्हणून शिवाजीपेठ आणि तवाआणिमी चरबीचा आग्रह धरतायत तो योग्य आहे. पूर्ण शिजलेलं मांस रसाळ ठेवायला दुसरा मार्ग नाही.

मिनेहाहा

डॉक्टर, फार उपयोगी प्रतिसाद. हा धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

ग्रिल की तवा, हे राहिलं. तवा. मूळ दोन्ही ठिकाणी सपाट तव्यावरच करतात. ग्रिलच्या सळ्यांवर एखादी पॅटी फुटली की चीज निखाऱ्यावर पडतं, भडका उडतो आणि बाकीच्या पॅटीही काळ्या होतात. तव्यावर फुटली तर सांडलेलं चीज तिथेच कुरकुरीत होतं, ते खरवडून पावात घालायचं. ४ जुलै म्हणून बाहेरच करायचं असेल तर ग्रिलवर बिडाचा तवा ठेवा. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून करपतं आणि आतलं चीज गारच राहतं. एक बाजू पाच-सहा मिनिटं, उलटून छिद्र पाडा, पुन्हा तेवढंच. उलथन्याने दाबू नका, रस आणि चीज दोन्ही जाईल. एकदाच उलटा.

अवांतर_अण्णा

अवांतर: २०१४ च्या जूनमध्ये ओबामा मिनियापोलिसला आले होते तेव्हा मॅट्समध्ये जाऊन ज्यूसी लूसी खाऊन गेले. आमचा एक मित्र त्या दिवशी सीडर अ‍ॅव्हेन्यूवर वाहतुकीत अडकला होता, तो अजून ओबामांवर रागावलेला आहे.

नदीपलीकडच्या सेंट पॉल शहरवाल्यांनाही विसरू नका. ब्लू डोअर पबमध्ये ब्लूसी मिळते, आत ब्लू चीज आणि लसूण. माझ्या मते ती ज्यूसी लूसीपेक्षा सरस आहे. होऊन जाऊ दे भांडण.

मिनेहाहा

अण्णा, तुम्ही नदीच्या पलीकडे राहता म्हणून असं वाटतं. पण ब्लू चीजच्या बाबतीत रसायनवालींचं ऐका. नुसतं ब्लू चीज फुटतं. ते घरी करायचं तर थोडं क्रीम चीज मिसळून गोळी करा.

लंडनची_लेक

इथे लॅम्ब खिमा सहज मिळतो आणि चरबीचं प्रमाण पाकिटावरच लिहिलेलं असतं, २० टक्क्यांचा घ्यायचा. मी आत चीजसोबत थोडा हिरव्या मिरचीचा ठेचा घालते, अगदी नखभर. ठेचा कोरडा हवा, तेल-पाणी नको. मसाला खिम्यात न जाता चीजमध्ये गेला की बर्गर बर्गरच राहतो आणि शिवाजीपेठ यांचंही समाधान होतं.

शिवाजीपेठ

लेकी, तू माझं मन जिंकलंस.

नवीनसदस्य_२२

पाव कोणता? आणि सोबत काय द्यायचं?

तवाआणिमी

मऊ पाव, आतून लोण्यावर भाजलेला. अमेरिकेत पोटॅटो रोल चांगला, भारतात बेकरीतला ताजा बन. कुरकुरीत कवचाचे भारी पाव टाळा, मडगावचो यांनी वर कारण सांगितलंय. टोमॅटो, सॉस, लेट्यूस यांची गर्दी नको. परतलेला कांदा, लोणच्याच्या चकत्या, बस्स.

सीडरकाठ

मंडळी, काल झाले बर्गर! सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलंत.

चिकन आणि लँब दोन्ही केलं. वहिनी बाहेर बसली होती तेवढ्यात लँब भाजून घेतलं. चिकनला मांडीचं मांस, लोणी, मीठ मिसळून उंड्याची पद्धत. लँबला दोन पॅटींची. दोन्हींत अमेरिकन चीज, मोठ्यांसाठी ठेचा. ग्रिलवर बिडाचा तवा ठेवला. चिकनचे सगळे शाबूत राहिले, एकाचंही चीज बाहेर आलं नाही. लँबचा एक कडेने सुटला, ते कुरकुरीत चीज कोणी खायचं यावरून भाच्यांत भांडण झालं. थर्मामीटर आडवा घालायची सूचना फार मोलाची ठरली. पहिल्या वेळी खालचा थर ७८ आणि वरचा ६६ दाखवत होता. तव्यावर झाकण ठेवून आणखी दोन मिनिटं दिली, मग दोन्ही ७४ च्या वर गेले.

माझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: बीफशिवाय मजा येते. लँबचा मूळच्या जास्त जवळ जातो, चरबीमुळे. चिकनचा वेगळा पण स्वतःच्या जागी उत्तम, आणि ठेचा चिकनलाच जास्त शोभला. दादाने दोन खाल्ले आणि तिसऱ्याला हात घातला.

भाजल्यावर तीन-चार मिनिटं थांबायला विसरू नका. मॅट्समध्येही वाढताना सांगतात की लगेच चावू नका, आतलं चीज तोंड भाजतं. मुलांसाठी मी अर्धे कापून दिले.

खादाडखाऊ

फोटो कुठेत??

सीडरकाठ

भाचीने काढलेत, तिच्याकडून घेऊन संध्याकाळी टाकते.

कोपरखैरणेकर

माझाही अहवाल. सायट्रेट आलं. दोन वर्षं मुरलेलं चेडर प्रोसेस केलं, मटणाच्या खिम्यात भरलं. तेल सुटलं नाही, चव चेडरची. माझं पहिलं मत मागे घेतो आणि अर्धं ठेवतो: प्रोसेस्ड हवं, पण कशापासून प्रोसेस केलंय यात फरक आहे.

रसायनवाली

अगदी मान्य.

शुद्धशाकाहारीपणरसिक

राजम्याचेही झाले, भाजलेल्या बेसनाने छान धरले. पुढच्या वेळी एकदम जास्त करून ठेवायचे आहेत. कच्च्या भरलेल्या टिक्क्या फ्रीझरमध्ये राहतील का?

मिनेहाहा

राहतात, खिम्याच्याही राहतात. ताटलीत सुट्या गोठवा, मग मध्ये बटर पेपर घालून डब्यात भरा. खिम्याच्या भाजण्याआधी रात्रभर खालच्या फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्या, तशाच गोठलेल्या तव्यावर टाकू नका. बाहेरून करपतील आणि आत चीज गोठलेलंच राहील. राजम्याच्या मात्र अर्धवट सुटल्या तरी चालतात, जास्त मऊ झाल्या तर उचलताना मोडतात. झाकण ठेवून मंद आचेवर भाजा.